आधी तोंड धुऊन या

माझी वहिनी माणसांची तोंडं रंगवते. म्हणजे नाटकाच्या थिएटरात रंगभूषा करते. विशीतल्या पोरीची सत्तरीची म्हातारी करायची, पोट सुटलेल्या नटाच्या गालावर त्याची गेलेली पंचविशी आणून ठेवायची, चांगल्या धडधाकट बाईला तिसऱ्या अंकात मरणपंथाला लावायचं, आणि पडदा पडला की सगळ्यांना क्रीम चोळून मूळ रूपात घरी पाठवायचं. सगळे तिला 'रंगवहिनी' म्हणतात. मी त्याच थिएटरच्या तिकीट खिडकीवर बसते. मला पाठीमागे 'तोफ' म्हणतात, हे मला माहीत आहे. म्हणोत बापडे. रांगेत मधे घुसणाऱ्यांना आणि फुकटचे पास मागणाऱ्यांना तोफच लागते.

वहिनीचा एक नियम होता. पहिला नट खुर्चीत बसायच्या आधी तिचं स्वतःचं तोंड रंगवून तयार पाहिजे. खाली पातळ थर, गालांवर लाली, डोळ्यांत काजळ, ओठांना रंग, नखांनाही रंग. "वन्सं, ज्याचं स्वतःचं तोंड उतरलेलं, त्याच्या हातात आपलं तोंड कोण देईल?" असं ती म्हणायची. 'वन्सं' हा शब्द हल्ली कुठल्या नणंदेच्या वाट्याला येत नाही. ती मला म्हणते, निम्मं मानानं आणि निम्मं चिडवायला. सुट्टीच्या दिवशीही आमच्याआधी उठून, तोंड रंगवूनच ती चहाला यायची. मी इतकी वर्षं तिच्याबरोबर एका घरात राहते, पण तिचा मूळचा रंग कसा आहे, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

तर गेल्या वर्षी काय झालं, थिएटरातला मागचा जिना तिला चढवेना. रंगपटाची खोली वर आहे. मधल्या वळणावर ती थांबायची आणि खाली येणाऱ्याला उगाच काहीतरी विचारायची, म्हणजे थांबलेलं दिसू नये. ॲप्रनचे बंद कमरेला दोन वेढे घेऊ लागले. जेवताना चार घास चिवडून "पोट भरलंय" म्हणायची. उजव्या कुशीत, खाली, काहीतरी जड वाटतं म्हणून टेबलाच्या कडेला पोट टेकून उभी राहायची. आणि लालीची डबी तर बघता बघता संपायची. "हल्ली डबीत माल कमी भरतात, चोर मेले," असं ती म्हणायची आणि मीही तिच्याबरोबर त्या चोरांना शिव्या द्यायचे. शिव्या द्यायला मला निमित्त पुरतं.

आजार अंगावर काढण्यात आमच्या वहिनीचा हात कुणी धरणार नाही. तरी मी तिला ओढत एका डॉक्टरांकडे नेलं. नेणार मीच. दादा, म्हणजे माझा भाऊ, घड्याळं दुरुस्त करतो. केसाएवढा काटा चिमट्यात धरताना त्याचा हात हलत नाही, पण दवाखान्याचा वास आला की त्याचे पाय लटपटतात. त्या डॉक्टरांनी वहिनीकडे बघितलं आणि म्हणाले, "अहो, चेहऱ्यावर तर काय तेज आहे तुमच्या! वयानं थोडा दम लागायचाच." मग गॅसच्या गोळ्या आणि एक टॉनिक. ते तेज डबीतलं होतं! पण तेव्हा ते त्यांना कळलं नाही आणि मलाही नाही. वहिनी खूश होऊन घरी आली. कारागिराचं काम दुसऱ्याला खरं वाटल्याचा आनंद होता तो, दुसरं काही नाही.

गोळ्या संपल्या, दम काही संपला नाही. एकदा प्रयोगाच्या आधी नटाला मिशी चिकटवता चिकटवता तिला घेरी आली आणि मिशी त्याच्या कानाला लागली. सगळे हसले, तीही हसली. मला मात्र हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. प्रयोगाचा दिवस होता, त्यामुळे वहिनी नखशिखांत रंगून आलेली.

डॉक्टरीणबाई उंचीनं एवढ्याशा, केस पांढरे, बोलणं मोजकं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग वहिनीच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "आधी तोंड धुऊन या."

मी ताडकन उठले. तिकीट खिडकीवर फुकटचा पास मागणाऱ्याला मी दिवसातून चारदा हेच वाक्य ऐकवते, आणि ते मी कुठल्या अर्थानं ऐकवते हे काय सांगायला पाहिजे? माझ्या आजारी वहिनीला कुणी ते ऐकवावं! मी म्हटलं, "ओ बाई! आम्ही काय तुमच्या दारात भीक मागायला आलोय? तोंड धुऊन या म्हणजे काय? तुम्ही स्वतःला समजता कोण?" माझा आवाज बाहेर बसलेल्या पेशंटपर्यंत पोचला असणार, कारण दार किलकिलं झालं आणि लगेच बंद झालं.

डॉक्टरीणबाई जागच्या हलल्या नाहीत. "अहो, खरंच धुऊन या म्हणतेय. बेसिन तिथे आहे, साबण आहे. मला यांचा रंग बघायचाय. यांनी लावलेला नाही, यांचा." मग कापसाचा बोळा आणि एक बाटली पुढे सरकवून म्हणाल्या, "आणि नखांचाही काढा."

वहिनी बेसिनकडे गेली. पाणी बराच वेळ वाहत होतं. ती टॉवेलनं तोंड टिपत वळली. लिंबाच्या सालीसारखा फिकट पिवळा चेहरा. ओठ कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतो ते कळेना. नखं कागदासारखी पांढरी. वहिनीनं मागे वळून बेसिनवरच्या आरशात पाहिलं. ती घाबरली नाही. एखाद्या नटाकडे बघावं तशी ती स्वतःकडे बघत राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, "हा तर तिसऱ्या अंकातला चेहरा आहे. फक्त ओठांना मी इतका पांढरा देत नाही. प्रेक्षकांना खरं वाटत नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, तळहाताच्या रेषा बघितल्या, जीभ बघितली. तिला आडवं करून पोट चाचपलं. डावीकडून सुरुवात करून हळूहळू सगळीकडे फिरल्या आणि उजवीकडे खाली, मांडीच्या वर, जिथे वहिनी टेबलाची कड टेकवायची तिथे त्यांची बोटं थांबली. पुन्हा दाबून बघितलं. मला वाटलं, आता गोळ्या लिहून देतील. त्यांनी रक्त आणि शौचाची तपासणी लिहिली.

रक्त निम्म्यावर आलं होतं. लोह जवळजवळ संपलं होतं. शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त निघालं. "मग लोहाच्या गोळ्या द्या," मी म्हटलं, कारण एव्हाना मी अर्धी डॉक्टर झाले होते. त्या म्हणाल्या, "देईनच. पण पाळी जाऊन वर्षं लोटलेल्या बाईचं लोह आपोआप संपत नसतं. रक्त कुठेतरी झिरपतंय. टाकी गळत असताना वरून पाणी ओतत बसायचं का? आधी गळती शोधू. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्या, आणि लवकर."

दारातून बाहेर पडता पडता मी परत वळले आणि त्यांना म्हटलं, "त्या दिवशी मी जरा..." त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखं माणूस बरोबर असलं की पेशंट वेळेवर येतो." मला आयुष्यात कुणी असं प्रशस्तिपत्रक दिलेलं नाही. त्या बाईंच्या मी प्रेमातच पडले, आणि अजून आहे.

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी आतडं साफ करायचं औषध प्यायचं असतं. मोठ्ठा जग भरून, थोडं थोडं करत. खारट, कोमट, ओशट. वहिनी प्रत्येक पेल्याला नाक दाबायची आणि म्हणायची, "यापेक्षा आमच्या नाटकातलं विष बरं. त्यात निदान सरबत असतं." दादानं तिच्याबरोबर उपाशी राहायचं ठरवलं. संध्याकाळी त्यालाच घेरी आली आणि ज्या बाईला उद्या तपासायचं होतं, तिनं उठून त्याला साखरपाणी करून दिलं. असा हा आमचा भाऊ.

दुर्बीणवाले डॉक्टर जाडजूड, घामेजलेले, सतत घाईत असल्यासारखे दिसणारे. मला ते पाहताक्षणी आवडले नाहीत. वहिनीला गुंगीचं औषध देऊन आत नेलं. इतरांना जेवढा वेळ लागत होता तेवढा झाला, वर आणखी झाला, आमच्यामागून आलेले लोक शेजारच्या खोलीतून तपासून बाहेर पडले, तरी दार उघडेना. दादाचं तोंडचं पाणी पळालं. माझंही पळालं होतं, पण मी त्याला ओरडत राहिले, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

शेवटी नर्स बाहेर आली, दंड चोळत. ती म्हणाली, "यांचं आतडं फार वळणावळणाचं आहे हो. दुर्बीण वाटेत अडकायची आणि वेटोळं व्हायचं. आम्ही कुशीवर वळवलं, पाठीवर केलं, मी वरून पोट दाबून धरलं. आमचे सर पुन्हा मागे यायचे, सरळ करायचे, पुन्हा जायचे. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दिसलं तेवढं चांगलं आहे, झालं. सर म्हणतात, शेवटची भिंत दिसल्याशिवाय मी परत फिरत नाही."

आणि होतं ते तिथेच, शेवटच्या भिंतीशी. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून समजावलं. मोठं आतडं पोटात उजवीकडे खाली सुरू होतं, तिथे एक पिशवी असते. बारीक आतडं तिच्या कुशीत येऊन उघडतं, अपेंडिक्स तिलाच लटकलेलं असतं, आणि तिचा तळ बंद असतो. "आमच्या पुस्तकात तिला अंधांत्र म्हणतात. आंधळं आतडं."

"म्हणजे बोळ," दादा हळूच म्हणाला. "पुढे रस्ता नसलेला."

"अगदी. आपण उलट्या दिशेनं जातो, त्यामुळे आपल्याला ती सगळ्यात शेवटी लागते. आणि तिथे जागा ऐसपैस. आतला मळही पातळ, त्यामुळे गाठ वाढली तरी अडत काही नाही. पोट दुखून माणूस ओरडत नाही. गाठ नुसती झिरपत राहते आणि माणूस पांढरा पडत जातो. लोकांना वाटतं, वय झालं." त्यांनी पडद्यावर फोटो दाखवला. गुलाबी भिंतीवर ती गाठ, खडबडीत, कडेला रक्ताळलेली. तुकडा काढून तपासायला पाठवला होता. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मघाशी मला ते घाईतले वाटले होते! माणूस ओळखण्यात मी किती हुशार आहे ते त्या दिवशी मला कळलं.

तुकड्याचा निकाल सांगायला त्यांनी आम्हा तिघांना बोलावलं होतं. दादानं वहिनीला ते सांगितलंच नाही. मला घेऊन गेला. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, "पेशंटला आणायला हवं होतं." दादा रडायला लागला. बाहेर आल्यावर रस्त्यातच माझे हात धरून म्हणाला, "तिला हा शब्द कळता कामा नये. तिचे हातपाय गळतील. साधी गाठ आहे, काढायचीय, एवढंच सांगू. तू ताकास तूर लागू देऊ नकोस." मला पटलं नव्हतं. पण माझा भाऊ भर रस्त्यात रडत होता, म्हणून मी हो म्हटलं.

घरी येताना आम्ही तालीमसुद्धा केली. मी कुठे बोलायचं, त्यानं कुठे हसायचं. तिकीट खिडकीवर बसून नाटकं काही कमी ऐकली नव्हती. दारातून आत शिरलो, वहिनी खुर्चीत बसली होती. दादा हसला. मी म्हटलं, "वहिनी, काळजीचं काही नाही गं, बारीकशी गाठ आहे, काढून टाकली की तू मोकळी. तू बस निवांत, मी तुझ्यासाठी चहा टाकते हं."

वहिनीनं आधी दादाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा दादाकडे.

"अहो, तुम्ही ओठांनी हसताय आणि भुवयांनी रडताय. असा नट मी स्टेजवर सोडला नसता." मग मला म्हणाली, "आणि वन्सं, तुम्ही 'हं' म्हणालात. लग्न होऊन आल्यापासून तुम्ही मला कधी 'हं' म्हणाला नाहीत. कॅन्सर आहे ना?"

जिनं जन्मभर खोटी तोंडं तयार केली तिच्यापुढे आम्ही खोटं तोंड घेऊन उभे राहिलो होतो! असला मूर्खपणा आमच्याच घरात व्हायचा.

ती खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं, आता कोसळेल. ती म्हणाली, "शरीर माझं आहे. त्यात काय आहे ते मला माहीत पाहिजे. यापुढे माझ्याआधी कुणाला काही कळायचं नाही. आणि मी पडून असेन तेव्हा ऐकायचं वन्संनी, सांगायचंही वन्संनी. तिखटमीठ नको आणि साखरही नको. जे असेल ते." मग दादाकडे वळून, "तुम्ही रडा. तुम्हाला ते छान जमतं." दादा रडता रडता हसला. हातपाय गळाले होते ते आम्हा दोघांचे. तिनं उठून तिघांचा चहा टाकला.

पोटाचा आणि छातीचा स्कॅन झाला. यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ होती. सर्जनकडे ती आमच्या पुढे चालत गेली. सर्जन तरुण, हळू बोलणारा, बोलताना कागदावर चित्र काढणारा. त्यानं आतड्याचा उजवा अर्धा भाग, बारीक आतड्याचं टोक आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या शिरांलगतच्या, प्रत्येकाच्या अंगात असतात त्या छोट्या लसिका गाठी, एवढं सगळं काढायचं आणि उरलेली दोन टोकं जोडायची, असं दाखवलं. पोट सगळं उघडायचं नाही, छिद्रांतून काम करायचं आणि आतडं बाहेर काढण्यापुरता एक छोटा छेद. वहिनी चित्रावर वाकून विचारत होती. जोड कशानं देता? जोड सुटला तर कसं कळतं? बाहेर पिशवी लावावी लागेल का? तो एकेक उत्तर देत होता. शक्यतो पिशवी लागणार नाही, पण लागणारच नाही असं वचन देत नाही, असंही म्हणाला. वहिनी म्हणाली, "वचन देत नाही म्हणालात, म्हणून विश्वास बसला."

"खरी गोष्ट त्या छोट्या गाठींत आहे," तो म्हणाला. "आम्ही काढलेली प्रत्येक गाठ सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तिथे कॅन्सर पोचला नसेल तर बहुधा ऑपरेशनवरच भागेल. पोचला असेल तर पुढे केमो, काही महिने, आणि मग मी तुम्हाला इतक्या खात्रीनं काही सांगू शकणार नाही." त्या दिवसापासून आमच्या घरात 'त्या गाठी' एवढंच म्हणायचं, बाकी सगळ्यांना समजायचं.

ऑपरेशनच्या आधी रक्त भरून काढायला हवं होतं. शिरेतून लोह दिलं, एकदा रक्तही चढवलं. त्या मधल्या काळात ती थिएटरात जात राहिली, पण स्वतःचं तोंड न रंगवता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रंग दिसला पाहिजे, कमी-जास्त कळलं पाहिजे. पहिल्या दिवशी ती तशी जिना चढून रंगपटात शिरली तेव्हा सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिनं मधोमध उभं राहून सांगितलं, "मला आतड्याचा कॅन्सर झालाय. ऑपरेशन आहे. कुजबुज करायची असेल तर आत्ता करून घ्या, नंतर मला काम आहे." आणि ब्रश उचलून पहिल्या नटाला खुर्चीकडे बोट दाखवलं. मी दारात उभी होते. मी तिला आयुष्यात कधी शाबास म्हटलेलं नाही. तेव्हाही म्हटलं नाही, आज म्हणते.

ऑपरेशनच्या दिवसाचं मी फारसं सांगणार नाही. दादा बाकावर बसून हातातलं घड्याळ उघडून पुन्हा बंद करत होता. सर्जन बाहेर आला, टोपी कपाळावर सरकलेली, म्हणाला, जोड चांगला बसलाय, पिशवी लागली नाही. त्यापुढचं काही दादाला ऐकू गेलं नाही, कारण तो खाली बसला.

मग सुरू झाली वाऱ्याची वाट. आतडं जागं झालं की नाही ते पोटातला वारा सरला म्हणजे कळतं. सर्जन आला की पहिला प्रश्न, "वारा सरला का?" नर्स आली की तोच. साफसफाईवाल्या बाईसुद्धा विचारू लागल्या. वहिनीला पलंगावरून उठवून चालवायचे, टाके ताणले जायचे, ती दात आवळून व्हरांड्यात एक फेरी मारायची. आणि मग एका सकाळी, सर्जन आपल्या शिकाऊ डॉक्टरांसह समोर उभा असताना, सगळ्यांच्या देखत, वारा सरला. चांगला खणखणीत. वहिनी लाजली. सर्जन म्हणाला, "वा!" दादानं तर टाळ्याच वाजवल्या. तिच्या कुठल्याही नाटकाला त्यानं इतक्या मनापासून टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही.

ती सूप प्यायला लागली, मऊ भात खायला लागली. ओठांचा कोपरा किंचित गुलाबी झाला, तो मी सगळ्यात आधी पाहिला. पण 'त्या गाठी' अजून यायच्या होत्या. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी खिडकीवर बसून लोकांना चुकीच्या रांगेची तिकिटं दिली, आणि कुणी भांडायला आलं तर मुकाट बदलून दिली. तोफ थंडावली म्हणून मॅनेजर घाबरला.

सर्जननं मला एकटीला खोलीत बोलावलं. वहिनीनं त्याला तसं बजावून ठेवलं होतं. कागद त्याच्या हातात होता, पण त्यानं तो न वाचताच सांगितलं, "सगळ्या गाठी स्वच्छ आहेत. भरपूर गाठी काढल्या होत्या आणि एकीतही काही नाही. मूळ गाठ आतड्याच्या भिंतीत खोल गेली होती, पण कडा मोकळ्या आहेत. केमोची गरज मला वाटत नाही. नियमानं तपासायला यायचं, वर्षानं पुन्हा दुर्बीण."

मी म्हटलं, "बरं." नुसतं बरं! मग उठले आणि व्हरांड्यातून चालू लागले. वहिनीची खोली टोकाला होती. मी मनात वाक्य तयार केलं होतं. सगळ्या गाठी स्वच्छ आहेत. सोपं वाक्य. तिखटमीठ नाही, साखर नाही. दारापर्यंत ते नीट होतं. दार ढकललं, ती उशीला टेकून बसलेली दिसली, पाठीला आधार, हात मांडीवर, नजर सरळ माझ्या तोंडावर, आणि माझं काय झालं देव जाणे. वडील गेले तेव्हाही चारचौघांत न रडलेली मी, दाराची चौकट धरून हुंदके द्यायला लागले. तोंडातून शब्द फुटेना. फुटला तो नुसता "वहिनी."

तिनं माझा चेहरा बघितला. बघता बघता तिचा चेहरा शांत होत गेला. मला ते दिसत होतं, मी मान हलवत होते, नाही, नाही, तसं नाही, पण रडताना हललेली मान कुणाला कळते?

"या," ती म्हणाली. "वन्सं, इकडे या. बसा." मी पलंगाच्या कडेला बसले. तिनं माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, टाके दुखत असणार तरी घेतलं, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. "रडू नका. मी हे धरूनच चालले होते. केमो तर केमो. केस गेले तर थिएटरात टोपांची काय कमी आहे? मी सगळं घेईन, एक दिवस चुकवणार नाही. आणि तरी नाहीच झालं काही, तर ह्यांना तेवढं सांभाळा. ते रात्री गजर लावतात आणि स्वतःच बंद करून झोपतात. त्यांच्यावर ओरडा, पण जेवायच्या आधी ओरडू नका, मग ते जेवत नाहीत. आणि तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही नेलंत म्हणून मी इथवर आले. ऐकताय ना? तुमच्यासारखी नणंद..."

"स्वच्छ आहेत!" मी तिच्या खांद्यातच ओरडले. "सगळ्या गाठी स्वच्छ आहेत! केमो नाही! काही नाही!"

तिचा हात माझ्या पाठीवर थांबला. शेजारच्या पलंगावरच्या आजी कोपरावर उठून आमच्याकडे बघत होत्या.

"मग रडताय कशाला, बाई!" वहिनी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. तिनं मला दोन्ही हातांनी दूर धरलं, माझ्या तोंडाकडे पुन्हा बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, सुई टोचताना नाही, तो शब्द स्वतः उच्चारताना नाही, व्हरांड्यात दात आवळून चालताना नाही, आता, तिला रडू फुटलं.